मूल अडखळतं तिथे



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी नोकरीची बहुतेक वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग मागून घेतले. आपल्याकडे हे जरा उफराटंच. सातवीचा वर्ग मिळणं हा मान, आणि पहिलीचा वर्ग नव्याने रुजू झालेल्याच्या नाहीतर तक्रार न करणाऱ्या बाईंच्या गळ्यात, ही बऱ्याच शाळांतली रीत आहे. मूल ज्या वर्गात वाचायला शिकतं तो वर्ग सर्वांत सोपा, असं मनाशी पक्कं असल्याशिवाय अशी रीत पडत नाही. म्हणून आज हा विषय घेतला: वाचन शिकवण्याचं कसब एखाद्या शिक्षकाकडे आहे की नाही हे ओळखायचं कसं, आणि ओळखायचं कोणी?

विषयाला निमित्तही ताजं आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या प्रकरणात निकाल दिला. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, अशा नोकरीतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हायची. नाहीतर नोकरी सोडायची. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नाही. वीस वर्षं शिकवल्यावर आता पात्रता विचारता, असं एक म्हणतो. येतं ना, मग घाबरता कशाला, असं दुसरा. मला या दोघांनाही विचारावंसं वाटतं: ती प्रश्नपत्रिका तुम्ही उघडून पाहिली आहे का?

पहिली ते पाचवीच्या शिक्षकांचा पेपर दीडशे गुणांचा. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस गुण. पर्यायांपुढचा गोल काळा करायचा. साठ टक्के मिळाले की पात्र. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत. मराठीच्या तीस गुणांत उतारा, व्याकरण, समानार्थी शब्द, म्हणी-वाक्प्रचार यांचाच भरणा. या परीक्षेची मी टिंगल करणार नाही. ज्याला स्वतःला उतारा नीट कळत नाही त्याने मुलांपुढे उभं राहू नये, हे मान्यच आहे. पण ही परीक्षा पास झालेल्या बाईंना मराठी येतं, एवढंच तीतून कळतं. दुसरीतल्या मुलाने ‘पिशवी’चं ‘पशवी’ वाचलं तर ते का वाचलं आणि उद्या त्याच्यापुढे काय ठेवायचं, हे बाईंना कळतं की नाही, ते तीतून कळायला मार्ग नाही.

वाचता येणं वेगळं आणि वाचन शिकवता येणं वेगळं. ऐकायला हे फार साधं वाटतं. पण १९९४ साली अमेरिकेत वाचनाच्या अभ्यासक लुईसा मोट्स यांनी अनुभवी शिक्षकांनाच साधे प्रश्न विचारले. अमुक शब्दात ध्वनी किती, हा त्यांतलाच एक. ‘ऑक्स’ या शब्दात ध्वनी तीन आहेत, कारण शेवटच्या एका अक्षरात ‘क्’ आणि ‘स्’ दोन्ही दडलेले आहेत, हे बऱ्याच जणांना सांगता येईना. हे सगळे शिकलेसवरलेले, स्वतः सराईतपणे वाचणारे लोक होते. पण सराईत वाचणाऱ्याला अक्षर दिसतच नाही, थेट अर्थ दिसतो. मूल जिथे अडतं, तो दगड त्याच्या पायाला कधीच लागत नाही. पुढे १९९९ मध्ये वाचन शिकवणं म्हणजे रॉकेट सायन्स आहे, असं नावच देऊन मोट्सबाईंनी एक पुस्तिका लिहिली. शीर्षक जरा भडक आहे, पण तिकडच्या शिक्षक संघटनेनेच ती छापली, हे आपल्या संघटनांनी लक्षात घेण्यासारखं आहे.

इंग्रजीचं स्पेलिंग बेभरवशाचं, आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, तेव्हा आपल्याला त्याचं काय, असं यावर नेहमी ऐकू येतं. मग आपल्या लिपीकडेच जरा जवळून पाहू.

‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि बोलताना इकार नंतर येतो. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकत्याच शिकलेल्या मुलाला हे कोडं आहे. ‘र’ तर बहुरूपी: ‘रान’मध्ये एक, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात, ‘ट्रक’मध्ये पायाशी, ‘वाऱ्या’मध्ये आणखी वेगळा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांमध्ये फरक एखाद्या गाठीचा नाहीतर वळशाचा. ‘बदक’ या शब्दात तीन अक्षरं, पण शेवटच्या ‘क’मधला ‘अ’ आपण उच्चारत नाही. मुलाने ‘ब’, ‘द’, ‘क’ असं ठणठणीत वाचून दाखवलं तरी ते तीन तुकडे जोडून बदक होत नाही. मधला ‘अ’ राखायचा आणि शेवटचा गिळायचा, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ दिसायला एकच, बोलायला दोन. जगात राहतो त्या ‘जग’चा ‘ज’ आणि जगतो त्या ‘जग’चा ‘ज’ वेगळे, हे छापलेल्या पानावर कुठेच लिहिलेलं नाही. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी चारशेच्या वर अक्षरं होतात, जोडाक्षरं त्यापुढे.

हे सगळं शिक्षकाला माहीत असतंच, फक्त माहिती म्हणून बाजूला काढून पाहिलेलं नसतं. डी.एड.च्या दोन वर्षांत सराव पाठ झाले, टाचणं झाली, फलकलेखन झालं. पण एक मूल वाचताना नेमकं कुठे चुकतं ते टिपून त्याचा अर्थ लावायला कितीजणांना शिकवलं गेलं? आपल्याकडे या कामाची परंपरा नाही असं मात्र नाही. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी हेच केलं. मूळच्या अमेरिकन, फलटणच्या बोलीवर भाषाविज्ञानात पीएच.डी. केलेल्या या बाई मुलांना वाचायला शिकवायला बसल्या. अक्षरांचे छोटे गट करायचे, त्या गटातून लगेच शब्द आणि वाक्यं तयार करायची, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतच मुलाच्या हाताला काहीतरी वाचल्याचं लागतं. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याला ‘क्वेस्ट’ ही संस्था शिक्षकांबरोबर काम करते. मराठीतलं प्रारंभिक वाचन मुलं प्रत्यक्षात कसं शिकतात याचा मोठा अभ्यासही तिथे झाला. तेव्हा ज्ञान मराठीत आहे. ते पात्रतेच्या कोणत्याही निकषात शिरलेलं नाही.

शिरवायचं झालं तर कसं? एक प्रश्न नमुन्याला सांगतो, मी तो प्रशिक्षणांत शिक्षकांपुढे ठेवत आलो आहे. दुसरीतली तीन मुलं. पहिलं मूल ‘किती’ला ‘कती’, ‘पिशवी’ला ‘पशवी’, ‘विहीर’ला ‘वहीर’ वाचतं. दुसरं ‘पाणी’ला ‘पाटी’, ‘डोंगर’ला ‘डोकं’ वाचतं. तिसरं ‘आईने’ला ‘आई’, ‘घरातून’ला ‘घर’, ‘मांजराला’ला ‘मांजर’. तिघांनाही ‘वाचनात कच्चा’ असा एकच शेरा मिळतो. तिघांचं दुखणं एक आहे का?

बहुतेक पहिलं उत्तर येतं, ‘सराव कमी पडतो.’ दुसरं येतं, ‘घरी लक्ष देत नाहीत.’ मग कोणीतरी, बहुधा मागच्या बाकावरच्या एखाद्या बाई, हळूच म्हणतात, ‘सर, पहिल्याला दीर्घ वेलांटी येतेय की. ‘ती’, ‘वी’, ‘ही’ बरोबर वाचतोय. अडतंय ते फक्त डावीकडच्या वेलांटीला.’ तिथून खोलीचा रंग बदलतो. दुसरं मूल पहिलं अक्षर बघून ठोकून देतं. त्याला शब्दाच्या शेवटापर्यंत बोट न्यायला लावलं पाहिजे आणि एकाच अक्षराने बदलणाऱ्या शब्दांच्या जोड्या दिल्या पाहिजेत. तिसरं सर्वांत फसवं, कारण ते भराभर वाचतं आणि बरोबर वाचल्यासारखं वाटतं. पण मराठीत कोणी कोणाला काय केलं हे सगळं शब्दाच्या शेपटीत असतं. ‘मुलाने मांजराला पकडलं’ यातले प्रत्यय गेले की मुलाने मांजर पकडलं की मांजराने मूल, काहीच उरत नाही.

असे दहा प्रश्न टीईटीत घातले तर गोल काळे करूनसुद्धा ती परीक्षा आजच्यापेक्षा कितीतरी अधिक सांगेल. शिवाय शिक्षक तयारी करतील ती या प्रश्नांची. क्लासवाले याच्याही गाइड काढतील, काढू देत. समानार्थी शब्द पाठ करण्यापेक्षा मुलांच्या चुका पाठ केलेल्या परवडल्या.

तरीही कागदावर ओळखता येणं आणि चाळीस मुलांच्या गलक्यात ओळखता येणं यांत अंतर आहे. म्हणून वर्गात जावंच लागतं.

दोन वर्ग सांगतो. धडा एकच, वाक्यही एकच: ‘गाईला चारा घाल.’ पहिल्या वर्गात मुलगी वाचते, ‘गाईला चार घाल.’ बाई तत्काळ म्हणतात, ‘चारा!’ मुलगी म्हणते, ‘चारा घाल.’ पुढचं वाक्य. वर्ग शांत, शिस्तीचा. तपासणीला आलेला साहेब खूश होऊन निघून जाईल. दुसऱ्या वर्गात मुलगा नेमकं हेच वाचतो. बाई थांबतात. लगेच बोलत नाहीत. मग विचारतात, ‘गाईला चार काय घालायचे रे?’ मुलगा हसतो, पुन्हा पुस्तकात बघतो, बोट ‘रा’वर ठेवतो आणि ‘चारा’ म्हणतो, पण ‘चार’मधला ‘च’ घेऊन. असा शब्द त्याने कधी ऐकलेला नाही, तो गोंधळतो. बाई म्हणतात, ‘गोठ्यात काय म्हणतो आपण?’ मग त्याच्या तोंडून घरचा ‘चारा’ निघतो. या प्रकाराला अर्धं मिनिटही लागलं नाही. पण तेवढ्यात बाईंनी अर्थाने मुलाला पुन्हा अक्षराकडे ढकललं, कान्याकडे पाहायला लावलं आणि एकाच अक्षराचे दोन उच्चार असू शकतात हे व्याख्या न सांगता दाखवलं.

माझ्या मते वाचन शिकवण्याची क्षमता म्हणतात ती या अर्ध्या मिनिटात आहे. मूल अडखळतं तिथे शिक्षक काय करतो, ते पाहावं. बाकी भिंतीवरचे तक्ते, शब्दडोंगर, रंगवलेल्या पायऱ्या हे पाहायला हरकत नाही, पण ते शेवटी.

आपली तपासणी पाहते काय? नोंदवह्या, टाचण, पोषण आहार, आणि वाचनाच्या नावाने एका हुशार मुलाला उभं करून चार ओळी. शेरेबुकात ‘वाचन समाधानकारक’ अशी ओळ पडते. तालुकाभराच्या शेरेबुकांत ती इतकी सारखी असते की रबरी शिक्का करून घेतला तर शाई वाचेल. सगळा वर्ग एका सुरात वाचत असतो तेव्हा शेवटच्या रांगेतल्या एका मुलाचे डोळे कुठे आहेत ते बघावं. तोंड धडा म्हणत असतं आणि डोळे खिडकीतून बाहेरच्या कुत्र्यावर असतात. मेळघाटातल्या कोरकू घरातलं किंवा नंदुरबारकडचं पावरी बोलणारं मूल असेल, तर ते अक्षरन् अक्षर बरोबर वाचेल आणि वाक्य त्याच्यासाठी कोरंच राहील. तिथे शिक्षकाने त्या शब्दाचा पूल घरच्या बोलीपर्यंत नेला का, हे पाहायला तपासनिसाला निदान तो प्रश्न सुचायला हवा.

हे दुखणं जुनं आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन केलं, त्यात शाळा तपासणीचा मुद्दा आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षाकाठी एकदा येऊन काही साधत नाही. निदान तिमाहीला यावं आणि न कळवता यावं, असं त्यांचं म्हणणं. एकशेचाळीस वर्षं उलटली, आणि आजही ‘उद्या साहेब येणार’ हा निरोप शाळेत आदल्या दिवशीच पोचतो. हल्ली तो व्हॉट्सअॅपवर येतो एवढंच.

मग सोपा मार्ग पुढे येतो: शिक्षक कशाला बघता, मुलं वाचतात का ते बघा आणि त्यावरून शिक्षकाला गुण द्या. हाही प्रयोग जुनाच. इंग्लंडमध्ये १८६२ साली शिक्षण खातं सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो यांनी शाळेचं अनुदान मुलांच्या वाचन, लेखन, अंकगणिताच्या परीक्षेला बांधलं. एक मूल एका विषयात नापास झालं की ठरावीक रक्कम कापली जायची. परिणाम असा की शाळांनी वर्षभर एकच वाचनपाठ घोकून घेतला. पुस्तक उलटं धरलेलं मूलही न चुकता ‘वाचत’ असे, असे किस्से तेव्हा सांगितले जायचे. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा तपासनीस होते आणि ते या पद्धतीवर सुरुवातीपासून तुटून पडले होते. ती मोडीत निघायला तरी तीन दशकं गेली. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची पद्धत होतीच.

आपल्या काळातही तिची भावंडं आहेत. २२ जून २०१५च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक मूल शिकेल, ही त्यातली जिद्द खरी होती आणि अनेक शिक्षकांनी त्या काळात मनापासून काम केलं. पण पंचवीस निकष आणि शाळेने स्वतःच जाहीर करायची प्रगती यांची गाठ पडली की काय होतं, हे या सभागृहातल्या शिक्षकांना मी सांगायची गरज नाही. आता ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असं उद्दिष्ट आहे. घड्याळ लावायला माझी ना नाही. पण ‘घराघरांतूनसुद्धा’ हा मराठीत एक शब्द आहे, तेवढ्याला इंग्रजीत चार-पाच लागतील. शब्द मोजणाऱ्याने निदान हे ध्यानात ठेवावं.

‘असर’ या पाहणीचे आकडे याहून प्रामाणिक, कारण तिथे घरी जाऊन एकेका मुलाकडून अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं वाचून घेतात. ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला त्यांचं प्रमाण २०१८ साली २७.३ टक्के होतं, २०२२ मध्ये २०.५ वर आलं, २०२४ मध्ये २७.१ झालं. घसरण कोरोनाची आणि चढण शिक्षकांची, हे मान्य करायला जड जाऊ नये. पण असे आकडे देशाचं, राज्याचं दुखणं सांगतात. ते एका बाईंना लावता येत नाहीत. बारा मुलांचा वर्ग, त्यातली दोन दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली की त्या वर्गाची टक्केवारी कोसळते. बाईंचं कसब तेवढंच असतं. मुलांच्या गुणांतल्या फरकापैकी शिक्षकामुळे पडणारा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान दिसतो, असं अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१४ साली स्पष्ट बजावलं होतं.

म्हणजे फिरून वर्गातल्या त्या अर्ध्या मिनिटाकडे यावं लागतं, आणि ते पाहणारा माणूस लागतो. इथे गेट्स फाउंडेशनने सुमारे तीन हजार शिक्षकांवर केलेला एक मोठा अभ्यास उपयोगी आहे. त्याचे अंतिम निष्कर्ष २०१३ मध्ये आले. एकाच निरीक्षकाने आणखी एक तास पाहण्यापेक्षा दुसऱ्या निरीक्षकाने तो पाहिला तर अंदाज अधिक भरवशाचा होतो, असं त्यात दिसलं. आपण गावाकडे हे अनुभवाने जाणतोच: एका साहेबांना गाण्याची आवड, दुसऱ्यांना स्वच्छतेची. पण दोन निरीक्षक आणायचे कुठून? शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांची बरीच पदं वर्षानुवर्षं रिकामी, आणि जे आहेत ते ऑनलाइन माहिती भरण्यात आणि निवडणुकीच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले.

परीक्षा आणि मदत एकत्र चालवता येते याचं एक उदाहरण आहे. मिसिसिपी या अमेरिकेतल्या गरीब राज्याने २०१३ मध्ये वाचनाचा कायदा केला, शिक्षकांना वाचनाचं शास्त्र शिकवलं, शाळांत मार्गदर्शक बसवले आणि पुढे नव्याने प्राथमिक शिक्षक होणाऱ्यांना वाचन शिकवण्याची वेगळी परीक्षा लावली. २०१९ मध्ये तिथली चौथीची मुलं वाचनात देशाच्या सरासरीला येऊन भिडली. परीक्षेमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. तिसरीत न वाचणाऱ्या मुलांना मागे ठेवण्याचीही तरतूद तिथे होती आणि ती मला पटत नाही. पण परीक्षा घेणारे आणि शिकवायला मदत करणारे तिथे एकाच कामाला लागले होते. आपल्याकडे परीक्षा परिषद पुण्यात, डाएट ही प्रशिक्षण संस्था जिल्ह्याला, बाई वस्तीवर, आणि तिघांची भेट फक्त परिपत्रकात.

म्हणून एक सुचवतो. टीईटी होईल तशी होऊ द्या, न्यायालयाचा आदेश आहे. त्याशिवाय एका केंद्रात, फक्त पहिली ते तिसरीच्या शिक्षकांसाठी, असं करून बघा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातल्या एका मुलाचं वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचं, चुका लिहायच्या, आणि उद्या काय करणार हे चार ओळींत मांडायचं. दरमहा शिक्षण परिषदेत ती मुद्रणं ऐकायची. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी येऊन एक तास बसायचं आणि पुढच्या आठवड्यात आपला तास दाखवायचा. यातला एकही कागद गोपनीय अहवालाला जोडायचा नाही; जोडला की तिसऱ्या महिन्यापासून सगळी मुलं अचूक वाचू लागतील. आणि ती तीन मुलांच्या चुकांची प्रश्नपत्रिका शिक्षकांना देण्याआधी केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी यांनी एका खोलीत बसून सोडवायची. नावं झाकून, हवं तर. गुण मात्र फळ्यावर लिहायचे.